विद्यार्थी नर्तक आणि नवी रचना: पहिल्या प्रयोगाची तयारी

परंपरेतून आलेला तोडा (कथकमधील बोलांवर बांधलेला छोटा नृत्यतुकडा) किंवा अभिनयाचे पद शिकवताना त्याचे तयार रूप गुरूच्या अंगात असते आणि विद्यार्थ्याचे कुठे चुकले, हे त्या रूपाशी ताडून पाहता येते. समकालीन रचनाकार जेव्हा एखाद्या नृत्यविद्यालयासाठी मुद्दाम नवी रचना बसवतो, तेव्हा ताडून पाहण्यासारखे काहीच नसते. रचना घडते ती विद्यार्थ्यांच्याच अंगावर, आणि सोमवारी पक्की वाटलेली जागा गुरुवारी पार बदललेली असते. म्हणून अशा उपक्रमात पाठांतरापेक्षा मोठी अडचण ही असते की, रोज बदलणारी गोष्ट नेमकी कोणी आणि कशी सांभाळायची. मराठवाड्यातील नृत्यविद्यालये, महाविद्यालयांचे कलाविभाग आणि तेथील विद्यार्थी यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील मार्गदर्शन केले आहे.

न्यूयॉर्कच्या जुलियार्ड स्कूलमध्ये पदवीच्या चारही वर्षांच्या नृत्यविद्यार्थ्यांसाठी चार रचनाकारांकडून चार नव्या रचना करून घेण्याचा आणि डिसेंबर महिन्यात त्या एकाच कार्यक्रमात प्रथम सादर करण्याचा प्रघात आहे. त्यातले घेण्यासारखे सूत्र असे की, रचनाकाराला निवडक चमकदार मुले न देता एक संपूर्ण वर्ग सोपवावा. आपल्याकडे युवक महोत्सवाच्या सवयीमुळे आधी संघ निवडला जातो आणि उरलेले विद्यार्थी वेशभूषेच्या पेट्या उचलायला राहतात. संपूर्ण वर्ग दिला, तर रचनाकाराला उंच, बुटके, कथक शिकलेले, भरतनाट्यम शिकलेले आणि नुकतेच नाचू लागलेले अशा सगळ्यांसाठी जागा शोधावी लागते. रचनेचे वेगळेपण पुष्कळदा याच अडचणीतून निघते.

रचनाकार निवडताना त्याचे नाव किती मोठे आहे, यापेक्षा तो विद्यार्थ्यांबरोबर किती दिवस राहू शकतो, हे आधी विचारावे. पुण्या-मुंबईहून किंवा बंगळुरूहून येणारी व्यक्ती साधारणपणे दहा-पंधरा दिवस मुक्काम करते, रचनेचा सांगाडा उभा करते, निघून जाते आणि प्रयोगाच्या आठवड्यात परतते. मधल्या काळात रचना सांभाळण्यासाठी विद्यालयातील एका शिक्षकाची किंवा अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनीची तालीम-सहायक म्हणून पहिल्याच दिवशी नेमणूक करावी. या व्यक्तीने शक्यतो स्वतः नाचू नये, कारण नाचणाऱ्याला पूर्ण रचना समोरून कधीच दिसत नाही. विषयाबद्दलही आधी बोलून घ्यावे. बाहेरून आलेल्या रचनाकाराला वेरूळ पाहून आल्यावर शिल्पांवर रचना करण्याचा मोह होतो आणि शिल्पांच्या मुद्रा एकामागून एक धरून उभे राहण्याचे प्रयोग आपण आजवर भरपूर पाहिले आहेत. त्यापेक्षा त्याला औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात न्यावे. तिथे मध्यभागी नर्तकी आहे आणि तिच्या भोवती वादक स्त्रिया आहेत. नाचणारी आणि वाजवणाऱ्या यांच्यातील नाते हा विषय मुद्रांपेक्षा अधिक खोल जाणारा आहे. गोंधळ, आराधी किंवा बंजारा समाजातील लेंगी यांतून काही घ्यायचे असेल, तर ते सादर करणाऱ्या मंडळींना तालमीला बोलवावे, त्यांना मानधन द्यावे आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव छापावे. मोबाइलवरची चित्रफीत पाहून पदन्यास उचलणे टाळावे.

वेळापत्रक आखताना विद्यापीठाच्या परीक्षा सगळ्यांनाच आठवतात. मात्र बीड, जालना, हिंगोलीकडची अनेक मुले दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीसाठी किंवा सोयाबीनच्या कामासाठी घरी जातात, हे विसरले जाते. म्हणून रचनाकाराचा पहिला मुक्काम पावसाळ्याच्या उत्तरार्धात ठेवावा आणि प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करावा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या सभागृहात तालीम घेणे टाळावे. बारा ते पंधरा मिनिटांच्या रचनेला आठ ते दहा आठवडे धरावेत आणि रोजची तालीम शेवटच्या एसटीची वेळ पाहून संपवावी. मुलींना बसस्थानकापर्यंत कोण पोहोचवणार, हे ठरलेले नसेल, तर तिसऱ्या आठवड्यात हजेरी गळू लागते आणि त्याचे खापर विनाकारण शिस्तीवर फुटते.

मोजणीचा प्रश्न पहिल्याच तासाला येतो. आपल्या विद्यार्थ्यांचा कान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याला सरावलेला असतो, तर समकालीन रचनाकार बहुधा आठ-आठच्या गटांत मोजतो. तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे आठाचे दोन गट, त्यामुळे तिथे जमून जाते. परंतु झपतालाच्या दहा मात्रांवर आठाची मोजणी लावली, की नर्तक आणि संगीत यांची गाठ थेट चाळिसाव्या मात्रेला, म्हणजे झपतालाची चार आवर्तने संपल्यावर, पडते. रचनाकाराला हे हवे आहे की नकळत घडले आहे, हे तालीम-सहायकाने त्याच वेळी विचारून घ्यावे. ध्वनिपट्टीत ठेकाच नसेल, नुसते वाऱ्याचे, यंत्राचे किंवा दीर्घ स्वरांचे आवाज असतील, तर मात्रा मोजण्याचा हट्ट सोडावा आणि एकाच्या श्वासावर दुसऱ्याने निघण्याचा सराव करावा. घुंगरू नसल्यामुळेही कथकच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखे होते, कारण आपले पाऊल बरोबर पडले, याची खात्री त्यांना पायांतून येणाऱ्या आवाजातून मिळत असते. पहिले काही दिवस अर्धा तास संगीताशिवाय, केवळ पावलांचा आवाज ऐकत नाचायला लावल्यास हा आधार हळूहळू शरीरात मुरतो.

आता नोंदवहीविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक ठिकाणी तिच्याच अभावी गोंधळ होतो. प्रत्येक रचनेसाठी एक जाड दोनशेपानी वही ठेवावी आणि ती तालीम-सहायकाखेरीज कोणाच्याही हाती देऊ नये. डाव्या पानावर रंगमंचाचा चौकोन आखून नर्तकांच्या जागा आद्याक्षरांनी दाखवाव्यात आणि उजव्या पानावर ध्वनिपट्टीची वेळ, हालचाल व बदल लिहावेत. नोंद साधारण अशी असावी: ‘२ मिनिटे १० सेकंद. तंबोऱ्याचा दुसरा झंकार. डाव्या विंगेतून तिघी. उजवा हात खांद्याच्या खालीच. १२ तारखेला वेग निम्मा केला. कारण: मागच्या रांगेतला बसलेला गट झाकला जात होता.’ यातील शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. बदल का केला, हे लिहिलेले असले, की रचनाकार नसताना एखादी जागा अडली तरी सहायकाला योग्य निर्णय घेता येतो. कारण माहीत नसेल, तर प्रत्येक नर्तक आपापल्या आठवणीची बाजू घेऊन भांडतो आणि तासभर त्यातच जातो. बदललेली नोंद रबराने पुसू नये, तिच्यावर एक रेघ मारून खाली नवी नोंद करावी, कारण रचनाकार परतल्यावर पुष्कळदा आधीचीच आवृत्ती बरी होती, असे म्हणतो. वहीच्या जोडीला रोज शेवटची दहा मिनिटे स्थिर कॅमेऱ्याने, संपूर्ण रंगमंच दिसेल अशा बेताने चित्रीकरण करावे आणि त्याला तारखेचे नाव द्यावे. चित्रफितीवरून शिकताना डावे-उजवे उलटे होते, म्हणून ती पाहून थेट नाचू नये. आधी वहीतील जागांशी पडताळून घ्यावी. प्रयोगापूर्वी या चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हे विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या हौशी पालकांनाही बजावावे.

शरीराची तयारी वेगळी करावी लागते. शास्त्रीय नृत्याच्या विद्यार्थ्यांचे पाय भक्कम असतात, परंतु जमिनीवर पडणे, लोळणे आणि दुसऱ्याचे वजन पेलणे त्यांनी केलेले नसते. आपल्याकडच्या खोल्यांत शहाबादी फरशी किंवा सिमेंटवर बसवलेल्या टाइल्स असतात आणि त्यांवर रोज उड्या मारल्या, तर नडगी व गुडघे दुखू लागतात. लाकडी लवचीक तळ परवडत नसेल, तर कबड्डीच्या किंवा कुस्तीच्या गाद्या क्रीडाविभागाकडून मागून घ्याव्यात, गुडघ्याचे पॅड सक्तीचे करावेत आणि पहिले दोन आठवडे फक्त सुरक्षित पडणे-उठणे शिकवावे. मुले-मुली एकमेकांना उचलणार असतील, तर त्यांची संमती घेऊन, शिक्षकांच्या देखत आणि पालकांना पूर्वकल्पना देऊनच तालीम सुरू करावी; प्रयोगाच्या आदल्या दिवशी एखाद्या घरातून आलेला नकार सगळी रचना मोडू शकतो. प्रत्येक भूमिका किमान दोघांना येत असावी.

करार एका पानाचा पुरतो, पण तो असावा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नृत्यसंरचना नाट्यकृतीत मोडते. मात्र ती लेखी किंवा अन्य रूपात नोंदवलेली असावी लागते. म्हणजे वर सांगितलेल्या वहीला आणि चित्रफितीला कायदेशीर अर्थही आहे. मानधन, प्रवास, किती प्रयोगांना परवानगी आहे, पुढच्या वर्षी नव्या मुलांकडून तीच रचना बसवता येईल का आणि चित्रफीत कोण वापरेल, एवढे तरी लिहून घ्यावे. संगीताचे भान याहून अधिक ठेवावे लागते. एकनाथांच्या भारुडाचे शब्द कोणीही वापरू शकतो; एखाद्या कंपनीने प्रकाशित केलेले त्याचे ध्वनिमुद्रण मात्र प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षित असते. शिक्षक-विद्यार्थी व पालकांपुरत्या मर्यादित प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, परंतु तिकीट लावून सर्वांसाठी प्रयोग केला, की ती सवलत राहत नाही. शक्य असेल तिथे संगीत विभागाकडून नवे संगीत करून घ्यावे. रचनेत संवाद किंवा निवेदन असेल, तर संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राविषयी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांकडे आरक्षणाच्या वेळीच विचारणा करावी.

नाट्यगृह ठरताच रंगमंचाची लांबी-रुंदी स्वतः मोजून आणावी आणि तालमीच्या खोलीत तेवढाच चौकोन रंगीत पट्टीने आखावा. नाट्यगृह सत्रानुसार मिळते. प्रयोगाच्या सत्राखेरीज आदल्या दिवशीचे एक संपूर्ण सत्र घ्यावे आणि त्यासाठी लागणारे पैसे हार-तुऱ्यांतून वाचवावेत. आपल्याकडची प्रकाशव्यवस्था नाटकासाठी, म्हणजे चेहरा दिसावा म्हणून समोरून केलेली असते. नृत्याला बाजूचा प्रकाश लागतो, म्हणून विंगांमध्ये कमरेच्या आणि नडगीच्या उंचीवर दिवे लावण्यासाठी स्टँड भाड्याने आणावेत व नर्तकांची जाण्यायेण्याची वाट त्यांतून मोकळी ठेवावी. नेपथ्याच्या जुन्या खिळ्यांचा शोध घेण्यासाठी जाड फडके दोन्ही हातांनी दाबून फळ्यांवरून फिरवावे. जिथे धागा अडकेल तिथे खडूची खूण करून सुताराकडून खिळा ठोकून घ्यावा. अनवाणी नाचणाऱ्यांसाठी हे काम झाल्याशिवाय कोणालाही रंगमंचावर सोडू नये. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत नर्तकांनी जागीच थांबायचे की विंगेत जायचे, हेही ठरवून ठेवावे. प्रयोगापूर्वी सात दिवस बदल थांबवावेत. रचनाकाराला त्यानंतर सुचलेल्या कल्पना वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवता येतील.

प्रयोगाच्या संध्याकाळी सर्वांत मोठा धोका सत्काराचा असतो. सात वाजता सुरू होणाऱ्या कार्यक्रमासाठी मुलांनी साडेसहाला अंग गरम केलेले असते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मनोगते आटोपेपर्यंत पावणेआठ होतात आणि डिसेंबरच्या थंडीत आखडलेल्या स्नायूंनी त्यांना पहिली उडी घ्यावी लागते. पाहुण्यांना प्रयोगानंतर बोलवावे. ज्यांना खरोखर बोलायचे असते ते थांबतात. प्रेक्षकांसाठी प्रत्येक रचनेपूर्वी दोन-तीन वाक्यांची ओळख पुरेशी आहे, आणि त्यात कथा सांगू नये. कथा सांगितली, की प्रेक्षक तीच शोधत बसतात. पत्रिकेत रचनाकाराच्या नावाखाली सर्व नर्तकांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत छापावीत आणि हालचाली त्यांच्या सहभागातून घडल्या असतील, तर तसा स्पष्ट उल्लेख करावा.

पहिल्या प्रयोगानंतर नांदेड किंवा लातूर येथे दुसरा प्रयोग ठरला असेल, तर मध्ये एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी आणि तेथील रंगमंच लहान असल्यास कोणत्या जागा आवळायच्या, हे रचनाकाराशी दूरध्वनीवर बोलून वहीत लिहावे. आठवडाभरात अंतिम चित्रफीत, वहीच्या पानांची छायाचित्रे आणि ध्वनिपट्टी रचनाकाराला पाठवावी. मूळ वही विद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल करून तिला क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक पुढच्या वर्षीच्या तालीम-सहायकाला कळवावा.