गावातल्या एका मुलाचे ऑनलाइन मार्गदर्शक कसे व्हावे

दहावीनंतर काय करायचं हे विचारायला माझ्या गावात दोनच माणसं होती. एक शाळेतले सर, दुसरे एसटीत कंडक्टर असलेले मामा. दोघांनी जीव तोडून सांगितलं, पण पॉलिटेक्निकचा अर्ज कसा भरतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. आज परभणी जिल्ह्यातल्या त्याच गावात बहुतेक घरांत स्मार्टफोन आहे. ज्यांना हे सगळं ठाऊक आहे ती माणसं पुण्यात, मुंबईत, परदेशात बसली आहेत. गेली चार वर्षं मी दर रविवारी गावाकडच्या एका मुलाशी किंवा मुलीशी फोनवर बोलते. तुम्हालाही हे करता येईल. आठवड्याला वीस मिनिटं लागतात आणि ती न चुकता द्यावी लागतात.

शाळेमार्फत जा

ओळखीतून थेट मुलाचा नंबर घेऊ नका. आपण जिथे शिकलो त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा, आपण कोण, काय करतो, किती वेळ देऊ शकतो ते सांगा आणि नववी-दहावीतलं एखादं मूल सुचवायला सांगा. सर बहुतेक वेळा वर्गातलं पहिलं मूल सुचवतात. त्याच्याकडे विचारायला माणसं असतात. ज्याच्या घरात अजून कोणी बारावीच्या पुढे गेलेलं नाही, असं मूल मुद्दाम मागून घ्या.

शाळा नसेल तर संस्था आहेत. यवतमाळातून सुरू झालेलं एकलव्य इंडिया फाउंडेशन घराण्यात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना उच्च शिक्षणापर्यंत पोचवतं, तर बंगळुरूची मेंटॉर टुगेदर तरुणांना ऑनलाइन मेंटॉर जोडून देते.

आधी आई-वडिलांशी बोला

पहिला कॉल मुलाला करायचा नाही, घरच्यांना करायचा. मुलगी असेल तर हे शंभरदा लक्षात ठेवा. शहरातलं अनोळखी माणूस दर आठवड्याला आपल्या लेकीशी काय बोलतं, ही त्यांची काळजी रास्त आहे. काय बोलणार, किती वेळ बोलणार ते सांगा आणि फोन स्पीकरवर ठेवायला सांगा. पहिले काही कॉल आई शेजारी बसून ऐकेल. ऐकू द्या.

त्याच कॉलमध्ये विचारा, की फोन कोणाचा आहे आणि घरी कधी असतो. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी सहाची वेळ ठरवली आणि तीन रविवार फोन उचललाच गेला नाही. पोरीला आवड नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. चौथ्या रविवारी कळलं, की फोन वडिलांचा आणि वडील रानातून साडेसातला येतात. वेळ साडेसातची केली आणि त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. परदेशातल्यांनाही ही वेळ जमते. उन्हाळ्यात न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे 10 वाजलेले असतात.

व्हिडिओचा आग्रह धरू नका. रेंज ओट्यावरच येते, मागे पिठाची गिरणी चालू असते, आणि आपलं घर दाखवायला मूल लाजतं. साधा कॉल पुरतो. डेटा संपला असेल तर तुम्ही फोन लावा, मिस्ड कॉलवर ठेवू नका.

पहिल्या महिन्यात सल्ला देऊ नका

हे सगळ्यात अवघड आहे. मी पहिल्याच कॉलमध्ये करिअरवर पाऊण तास बोलले. समोरून "हो ताई, हो ताई" येत राहिलं. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आता मी एकच काम देते: आठवडाभरात जे जे अडलं, ते वहीच्या मागच्या पानावर लिही आणि त्या पानाचा फोटो पाठव. पहिला फोटो हमखास कोरा येतो, किंवा त्यावर गणिताचं एखादं उदाहरण असतं. मग हळूहळू खरे प्रश्न उतरतात. त्या मुलीच्या पानावर चौथ्या आठवड्यात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "डिप्लोमा म्हणजे इंजिनिअरिंग का वेगळं?" खाली त्याहून बारीक अक्षरात: "होस्टेलला किती पैसे लागतात". पुढची दोन वर्षं आमचं बोलणं या दोन ओळींवरच चाललं. डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, एवढं कळल्यावर तिच्या आवाजातच फरक पडला.

अर्जाच्या दिवसांत जास्त वेळ ठेवा

वर्षभर वीस मिनिटं पुरतात, पण निकालापासून प्रवेशापर्यंत पुरत नाहीत. मुलाचं खरं नुकसान तिथेच होतं.

कागदपत्रं आधीच काढायला लावा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन क्रिमिलेअर (ओबीसीसारख्या प्रवर्गांना लागणारा, घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला); प्रत्येक कागद किती तारखेपर्यंत चालतो तेही पाहायला लावा. जात पडताळणीला वेळ लागतो, म्हणून बारावी सायन्सच्या मुलांनी निकालाची वाट न पाहता अर्ज करावा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचा खर्च देणारी स्वाधार योजना, यांच्या तारखा तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरात टाका.

कॅप फेरीचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतला, कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा ऑप्शन फॉर्म भरताना फोनवर सोबत राहा. माझ्याशी बोलणाऱ्या एका मुलाने नेट कॅफेवाल्याच्या सांगण्यावरून जवळचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. पहिल्या फेरीत तेच लागलं. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. त्याच्या गुणांवर सरकारी तंत्रनिकेतन सहज मिळालं असतं. त्या दिवशी मी प्रवासात होते. आता जून-जुलैत मी रविवारी प्रवास ठेवत नाही.

फॉर्म मात्र तुम्ही भरू नका. बटण मुलानेच दाबायचं. ओटीपी, पासवर्ड, बँकेचा तपशील कधीही मागू नका, आणि कोणी मागितला तर देऊ नये हेही शिकवा.

हद्द आखून घ्या

18 वर्षांखालच्या मुलाशी रात्री उशिरा बोलणं, गायब होणारे मेसेज, मुलाच्या स्वतःच्या फोटोंची मागणी, पैशांची देवघेव, एकट्याने भेटणं यातलं काहीही करायचं नाही. फी अडली असेल तर शाळेमार्फत मदत करा. अनेक मुलांची माहिती एकत्र ठेवणार असाल, तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचून घ्या. मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती तो मागतो.

मारहाण, बालविवाहाची बोलणी, छेडछाड असं काही कानावर आलं, तर ते पोटात ठेवू नका. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. 1098 ही चाइल्डलाइन आहे. मन फार खचलं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मुलाला आधीच लिहून द्या.

थांबायचं झालं तर

नोकरी बदलते, घरात आजारपण येतं. थांबावं लागणार असेल तर महिनाभर आधी मुलाला सांगा, कारण सांगा, आणि दुसरं माणूस शोधून त्या तिघांचा एक कॉल करा: मूल, तुम्ही आणि नवीन माणूस. त्या कॉलमध्ये वहीचं मागचं पान मुलालाच वाचून दाखवायला सांगा, म्हणजे नव्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.