बारावीनंतर इकॉलॉजी करायचंय? मग या चुका टाळा (आईबाबांनी पण)

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तेच सुरू होते. कोणाचा भाचा, कोणाची पोरगी, "दादा, हिला इकॉलॉजी करायचं म्हणून राहिली, टॉपची युनिव्हर्सिटी कोणती?" मी विचारतो, डिपार्टमेंट पाहून आले का, शिकवते कोण तिथं? तर पलीकडून आवाजच नाही. म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वर्षी हेच फॉरवर्ड करीन.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे युनिव्हर्सिटीचं नाव पाहून ऍडमिशन घेणं. राजेहो, रँकिंग असते अख्ख्या विद्यापीठाचं, त्यात इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंट सगळं आलं, तुमच्या वीस-पंचवीस पोरांच्या बॅचला त्यात कोणी मोजत पण नाही. तुमची सगळी वर्षं जातात एका कॉरिडॉरमध्ये आणि तीन-चार मास्तरांच्या हाताखाली.

माझ्या मैत्रिणीची पोरगी राज्याबाहेरच्या एका मोठ्या विद्यापीठात गेली, नाव नाही सांगत. माहितीपुस्तिकेत गोड्या पाण्याची इकॉलॉजी, पक्षी, माती, असे झकास इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीने निवडायचे विषय, छापलेले. तिथं गेल्यावर कळलं की ठराविक संख्येएवढी पोरं जमल्याशिवाय इलेक्टिव्ह उघडतच नाही, आणि छोट्या बॅचमध्ये तेवढी जमणार कुठून, तर सगळ्यांना एकच विषय. फील्डवर नेणारे एकच सर होते, ते रिटायर झाले, जागा भरलीच नाही, मग तासिका तत्त्वावर कोणीतरी यायचं, कधी यायचं कधी नाही. फील्ड ट्रिपला बस मागितली तर बस भूगर्भशास्त्रवाल्यांनी आधीच बुक केलेली. मैत्रीण रोज फोनवर रडायची, पोरगी मात्र खमकी निघाली. तिनं भूगोल विभागात जाऊन जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं तंत्र, घेतलं, संख्याशास्त्राच्या मॅडमना पटवून त्यांच्या वर्गात बसली, प्रोजेक्ट वनस्पतिशास्त्रात केला. मोठ्या विद्यापीठाचा खरा फायदा हाच आहे, पण तो आपोआप मिळत नाही, दारं ठोठवावी लागतात, आणि आधी हे पण विचारावं लागतं की दुसऱ्या विभागाचा पेपर घेतला तर क्रेडिट धरतात का आणि टाइमटेबल जुळते का.

माझी सवय सांगतो. ओपन डेला अजिबात जात नाही, त्या दिवशी सगळे इस्त्रीचे कपडे घालून असतात. साध्या वारी दुपारी दोनच्या सुमारास जायचं. नोटीस बोर्डावरच्या नोटिसा कोणत्या सालच्या आहेत ते पाहायचं. लॅबच्या मामांना चहा पाजून विचारायचं, पोरं शेवटची फील्डवर कधी गेली. प्रमुख जे सांगत नाहीत ते मामा सांगतात. मग थर्ड इयरच्या पोरांना गाठून मागच्या बॅचच्या प्रोजेक्टचे विषय मागायचे. सगळे प्रोजेक्ट "अमुक तलावाच्या पाण्याचा अभ्यास" असे असले तर समजून जायचं, इथं दरवर्षी तेच ते चालते.

दुसरी चूक, इकॉलॉजी म्हणजे वाघ. आपल्या नागपूरची ही खास बिमारी. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा सगळं हाकेवर, जिप्सीत बसून एक वाघ दिसला की पोट्टे करिअर ठरवून मोकळे. अरे, पहिल्या वर्षी तुम्हाला दोरी देतील, चौकोन आखायला लावतील आणि त्यातली रोपटी मोजा म्हणतील. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा, शंभर झाडांचा, अंगाला गोचीड चिकटलेले. घरी येऊन त्या आकड्यांवर शॅनन इंडेक्स, म्हणजे जैवविविधता किती ते सांगणारा आकडा, काढायचा, ज्यात लॉग असते. गणित नको म्हणून बायोलॉजी घेतलेल्यांचा चेहरा इथं पाहण्यासारखा होते. म्हणून फॉर्म भरायच्या आधी जूनच्या चिकचिक घामात सेमिनरी हिल्सच्या एखाद्या कोपऱ्यात दहा बाय दहा मीटरचा चौकोन मनात धरा आणि त्यातली झाडं ओळखून, मोजून वहीत लिहा. अर्ध्या तासात कंटाळा आला तर सफारीच करा, त्यात काही वाईट नाही.

एन्व्हायर्नमेंटल सायन्स आणि इकॉलॉजी एकच समजू नका. पहिल्यात पाणी-हवेच्या तपासण्या, बीओडी (पाणी किती घाण आहे ते सांगणारी एक चाचणी), कायदे, ईआयए (एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) जास्त. दुसऱ्यात जीव आणि त्यांचे एकमेकांशी संबंध. नीरी ही पर्यावरणावर संशोधन करणारी सरकारी संस्था आपल्या गावात आहे म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत. सिलॅबस डाउनलोड करून वाचा, नुसतं कोर्सचं नाव नको.

आयएफएस, म्हणजे फॉरेस्टवाली, भारतीय वन सेवेची परीक्षा द्यायची असेल तर हे नीट वाचा. यूपीएससीला पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा पशुसंवर्धन-पशुवैद्यक यातला एक तरी विषय लागतो, नाहीतर कृषी, वानिकी किंवा इंजिनिअरिंगची पदवी. या यादीत एन्व्हायर्नमेंटल सायन्स नाही, इकॉलॉजी पण नाही. त्यामुळे बॉटनी किंवा झूलॉजी मार्कशीटवर स्पष्ट नावानिशी येते का, ते ऍडमिशनच्या आधी विचारा. काऊन्सेलिंगवाले हे सांगत नाहीत, त्यांना सीट भरायची असते.

डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटमध्ये बीएस्सी नाही, एमएस्सीपासून आहे. दरवर्षी कोणीतरी विचारतेच.

चार वर्षांच्या डिग्रीला भुलू नका. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात रिसर्चसह ऑनर्स करायला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, आणि चौथ्या वर्षी प्रोजेक्टला गाइड लागतो. ज्या विभागात माणसंच तीन, तिथं गाइड कोण होणार ते आजच विचारून घ्या.

बाहेरच्या राज्यात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे बोर्ड सोडून दुसरीकडे जायच्या दाखल्याचा, अर्ज निकालानंतर लगेच टाका. ऍडमिशनच्या आदल्या दिवशी बोर्डाच्या ऑफिसात धावणारे बाबा मी दरवर्षी पाहतो, आणि त्यातल्या निम्म्यांच्या फाइलीत झेरॉक्सची झेरॉक्स असते.