साठेखत (जमीन विकण्याचा करार) झाले, पण खरेदीखत होत नाही
विसार (आगाऊ रक्कम) घेतलेला जमीनमालक भाव वाढताच टाळाटाळ करू लागला, तर वकिलामार्फत नोटीस देऊन खरेदीखताची तारीख कळवावी आणि त्या दिवशी बाकी रकमेच्या डिमांड ड्राफ्टसह दुय्यम निबंधक कार्यालयात स्वतः हजर राहावे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १६ नुसार आपण व्यवहार पूर्ण करण्यास सतत तयार व राजी होतो, हे खरेदीदारालाच सिद्ध करावे लागते. दावे बहुधा येथेच फसतात, म्हणून पैसे हाती होते हे दाखवण्यासाठी त्या काळातले बँक पासबुक जपावे. ठरलेल्या तारखेपासून, ती नसल्यास नकार कळल्यापासून, ३ वर्षांत खरेदीखत करून मिळण्याचा दावा दाखल करावा. विसार परतीची पर्यायी मागणी दाव्यातच लिहावी, आणि महाराष्ट्रात मनाई अर्जासोबत (जमीन दुसऱ्याला विकण्यास मनाई मागणारा अर्ज) लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा प्रलंबित असल्याची, नोटीसही नोंदवून घ्यावी.