शालेय शर्टाचा टेक पॅक तयार करताना

कपडा ठरवणारा आणि शिवणारा एकाच छताखाली असतील, तर बरेचसे काम तोंडी सूचनांवर भागते. मात्र ब्रँड पुण्यात, कापड इचलकरंजीचे आणि शिलाई सोलापूरच्या गणवेश कारखान्यात अशी विभागणी झाली, की कटिंग मास्तरला विचारायला समोर कोणी नसते. कागदावर जे लिहिले आहे त्याप्रमाणे तो कापतो आणि जे लिहिलेले नाही ते आपल्या सवयीप्रमाणे ठरवतो. या कागदांच्या संचाला धंद्यात टेक पॅक म्हणतात. तो लिहिताना एकच कसोटी लावावी : प्रत्येक ओळ टेपने, वजनकाट्याने किंवा मंजूर नमुन्याशी ताडून तपासता आली पाहिजे. ‘फिटिंग चांगले असावे’, ‘कापड मऊ असावे’, ‘शिलाई मजबूत हवी’ ही वाक्ये या कसोटीला उतरत नाहीत आणि माल परत करायची वेळ आली की ती कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. पुढील विवेचनासाठी अर्ध्या बाहीचा शालेय शर्ट उदाहरण म्हणून घेतला आहे.

पहिल्या पानावर शर्टाचे पुढचे आणि मागचे सपाट रेखाचित्र असावे. ते अंगात घातलेल्या शर्टाचे नव्हे, तर टेबलावर पसरलेल्या शर्टाचे असते. त्यात तिरा (खांदा), मुंढा (बाही जोडायची गोलाई), योक (खांद्याखालची पाठीची जोडपट्टी), बटणपट्टी, खिसा आणि प्रत्येक टीप दिसली पाहिजे. कॉलर, खिशाचा कोपरा आणि बाहीची मोहरी यांची मोठी चित्रे शेजारी काढावीत. फोटो जोडायला हरकत नाही, पण फोटोत टिपेचे अंतर कळत नाही, म्हणून तो रेखाचित्राची जागा घेऊ शकत नाही. डावे-उजवे म्हणजे घालणाऱ्याचे डावे-उजवे, हे याच पानावर लिहून टाकावे. खिसा चुकीच्या बाजूला लागण्याचे मूळ बहुधा इथेच असते.

कापडाच्या पानाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘पीसी शर्टिंग’ (पॉलिएस्टर-कॉटन) एवढे लिहिणे पुरेसे नाही. ६५ टक्के पॉलिएस्टर व ३५ टक्के कॉटन, वजन दर चौरस मीटरला ११५ ग्रॅम, त्यात अधिक-उणे ५ टक्के सूट, वापरता येण्याजोगा पन्हा ५७ इंच, इतक्या नेमकेपणाने लिहावे. वजन तपासणे सोपे आहे : जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) कटरने १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापावा आणि त्याचे ग्रॅममधील वजन १०० ने गुणावे. रंगासाठी पँटोन या प्रमाणित रंगसंचाचा कापडावरचा क्रमांक किंवा मंजूर केलेला कापडाचा तुकडा द्यावा, आणि तो कोणत्या प्रकाशात जुळवायचा तेही लिहावे. दिवसाच्या उजेडासाठी डी६५ आणि दुकानातील ट्यूबसाठी टीएल८४ हे प्रकाश नेहमी वापरले जातात. मोबाइलच्या पडद्यावर रंग मंजूर करू नये. फिका आकाशी रंग तर प्रत्येक पडद्यावर वेगळाच दिसतो.

आटण्याचा प्रश्न याच पानावर मिटवावा. आलेल्या कापडातून तुकडा कापून त्यावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखावा, केअर लेबलवर जी धुलाई लिहिणार आहोत त्याच पद्धतीने तो तीनदा धुऊन वाळवावा आणि ताणा व बाणा या दोन्ही दिशांनी पुन्हा मोजावा. समजा, लांबीत ४८.५ सेंटिमीटर भरले, तर कापड ३ टक्के आटले. धुतल्यानंतर शर्टाची लांबी ६६ सेंटिमीटर हवी असेल, तर पॅटर्नवर ६६ भागिले ०.९७, म्हणजे सुमारे ६८ सेंटिमीटर धरावे लागतात. बरेच जण ६६ मध्ये ३ टक्के मिळवतात. ३ टक्क्यांना त्याने विशेष बिघडत नाही, पण ८ टक्के आटणाऱ्या सुती कापडात तेवढ्याने जवळपास अर्ध्या सेंटिमीटरची तूट येते. कापडाचा लॉट बदलला की ही चाचणी पुन्हा करावी, हेही टेक पॅकमध्येच लिहावे.

मापांच्या तक्त्यात प्रत्येक मापाला अक्षर द्यावे आणि तेच अक्षर रेखाचित्रावर बाण काढून दाखवावे. ‘छाती ४९’ या नोंदीचे दोन अर्थ निघतात. ‘छाती, मुंढ्याखाली २.५ सेंटिमीटरवर, बटणे लावून, सपाट, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ४९ सेंटिमीटर’ या नोंदीचा एकच निघतो. कॉलर बटणाच्या मध्यापासून काजाच्या बाहेरच्या टोकापर्यंत मोजायची, बाही तिऱ्याच्या शिवणीपासून मोजायची, मापे धुण्याआधीची की धुतल्यानंतरची, हे सारे स्पष्ट असावे. ‘३४ नंबर’ हा आकडाही पुरेसा समजू नये, कारण एका ठिकाणी तो अंगाची छाती दाखवतो, दुसरीकडे तयार कपड्याचे एखादे माप.

चालणारा फरक, म्हणजे टॉलरन्स, ठरवताना तो दोन साइझमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी असला पाहिजे. ३४ नंबरची सपाट छाती ४९ सेंटिमीटर आणि ३६ नंबरची ५१.५ असेल, आणि दोन्हींना अधिक-उणे १.२५ ची सूट दिली, तर ५०.२५ सेंटिमीटरचा शर्ट दोन्ही नंबरांत पास होतो. तपासणीत सगळा माल उत्तम ठरतो आणि शाळेच्या दुकानात मात्र पालक लेबल बघून वैतागतात. छातीसाठी १ सेंटिमीटर, कॉलरसाठी अर्धा आणि खिशाच्या जागेसाठी ३ मिलिमीटर एवढी सूट या शर्टाला रास्त वाटते. नंबर वाढेल तसे प्रत्येक माप सारख्याच पायरीने वाढत नाही. खिशासाठी तर लहान, मध्यम आणि मोठा असे तीनच आकार ठेवले तरी चालते.

शिलाईच्या पानावर प्रत्येक शिवणीसमोर टाक्याचा प्रकार, दर इंचाला टाके आणि माया (शिवणीपलीकडे सोडलेले कापड) लिहावी. टाक्यांना आयएसओ ४९१५ या मानकाचे क्रमांक आहेत : साधी लॉकस्टिच ३०१, तीन धाग्यांचे ओव्हरलॉक ५०४, आणि बगलेच्या शिवणीला लागणारी पाच धाग्यांची सेफ्टी ५१६. कॉलरच्या कडेपासून ६ मिलिमीटरवर दापटीप, इंचाला १२ टाके, माया १ सेंटिमीटर, धागा १२० तिकिटाचा (तिकीट म्हणजे जाडीचा क्रमांक), सुई ११ नंबरची, अशी नोंद झाली की मशीनवरच्या कारागिराला विचारण्यासारखे फारसे उरत नाही. कॉलरच्या फ्यूजिंगसाठी, म्हणजे आतले अस्तर उष्णतेने चिकटवण्यासाठी, तापमान, वेळ आणि दाब हे अस्तर पुरवणाऱ्याच्या शिफारशीवरून घ्यावेत, आणि धुतल्यावर फुगे येत नाहीत याची खात्री झाल्यावरच ते कागदावर पक्के करावेत. खिशाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांना बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांची मजबुतीची टीप, अवश्य लिहावा. शाळकरी मुलाच्या खिशाची परीक्षा प्रयोगशाळेपेक्षा मधल्या सुट्टीत अधिक कडक होते.

इतर साहित्याचा तक्ता करणे तुलनेने सोपे आहे. बटण १८ लिग्नचे, म्हणजे सुमारे ११.४ मिलिमीटर व्यासाचे, चार छिद्रांचे. कॉलरपट्टीवर एक, पुढे सहा आणि आत टाकलेले एक जादा. कापडाचा खप मार्करवरून, म्हणजे कापडावर सर्व तुकडे मांडलेल्या आराखड्यावरून, काढावा, अंदाजाने लिहू नये. केअर लेबलवरची धुलाई आटण्याच्या चाचणीत वापरलेल्या धुलाईशी जुळली पाहिजे. घडी आणि पॅकिंग यांच्यासाठी मापासकट एक चित्र पुरते.

तपासणीची पद्धतही आधीच लिहून दोन्ही बाजूंनी मान्य करावी. आयएसओ २८५९-१ च्या सर्वसाधारण स्तर २ प्रमाणे १,००० नगांच्या लॉटमधून ८० नग तपासले जातात. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (स्वीकारार्ह दोषांची पातळी) २.५ धरले तर ५ दोषांपर्यंत लॉट पास आणि ६ ला नापास, किरकोळ दोषांसाठी ४.० धरले तर ७ पर्यंत पास. मोठा दोष कोणता आणि किरकोळ कोणता, याची यादी मात्र मानकात मिळत नाही, ती आपणच करायची असते. कपड्यात राहिलेल्या तुटक्या सुईला कोणतीही सूट नसते.

प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असावी, आणि शेवटी कोणता बदल कधी व कोणाच्या मंजुरीने झाला याचा तक्ता असावा. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेला बदल नवी आवृत्ती निघेपर्यंत लागू नाही, अशी ओळ पहिल्याच पानावर घालावी. कागद आणि सीलबंद नमुना यांत तफावत आढळली तर कोणाचे प्रमाण मानायचे, तेही तिथेच ठरवावे. मापांसाठी कागद आणि शिलाईच्या सफाईसाठी नमुना, ही वाटणी व्यवहारात सोयीची पडते. शिलाई आणि मापे यांची पाने मराठीत किंवा हिंदीत छापून कटिंग टेबलावर आणि लाइनवर लावावीत, आणि नवी आवृत्ती आली की जुनी पाने तिथून काढून घ्यावीत.