तापणारा अ‍ॅक्सल बॉक्स

मालगाडीच्या चारचाकी वाघिणीच्या (डब्याच्या) एका अ‍ॅक्सल बॉक्समधून, म्हणजे चाकांच्या आसाचं टोक ज्यात फिरतं त्या पेटीतून, करपलेल्या तेलाचा वास येत होता. हात जवळ नेववेना. वरून तेल ओतलं, पण पुढच्या फेरीत तोच बॉक्स पुन्हा तापला. मग आत भरलेलं सगळं पॅकिंग उपसलं. तळाचं कॉटन वेस्ट, म्हणजे तेल धरून ठेवणारा सुताचा चोथा, ओलं होतं, पण जर्नलला (आसाच्या फिरत्या टोकाला) टेकणारा थर कडक, चकचकीत झालेला. तेल वर चढणार कसं? जर्नलवर ओरखडा नव्हता, त्यावर बसणाऱ्या ब्रासचा (पितळी बेअरिंगचा) व्हाइट मेटल या मऊ धातूचा थरही शाबूत. फार बरं वाटलं. नवं वेस्ट रात्रभर तेलात भिजवलं, निथळवलं आणि जर्नलच्या मध्यरेषेखालीच भरलं. त्याच्या वर गेलं तर धागा ब्रासखाली ओढला जातो, तेलाचा थर तुटतो. आत पाणीही सापडलं होतं, म्हणून धूळ-पाणी अडवणारा मागचा डस्ट गार्ड बदलला. पुढच्या फेरीला बॉक्सवर तळहात निवांत टेकवता आला.