समुद्री शेवाळाचं प्लास्टिक करताय? या चुका टाळा

शीट तडकली, चिकट राहिली, वाकडी झाली, बुरशी आली... तक्रार कुठलीही असो, मी आधी एकच विचारते: पाण्याचं काय केलंत? 100 मिली पाण्यात 3 ग्रॅम अगर-अगर (समुद्री शेवाळातून काढलेली, उकळून थंड केली की गोठणारी पूड) आणि शीट लवचिक राहावी म्हणून दीड ग्रॅम ग्लिसरीन, म्हणजे भांड्यात जवळजवळ सगळं पाणीच. ते आधी नीट मुरवायचं आणि मग सावकाश बाहेर काढायचं, यातच बहुतेकांचा धीर सुटतो.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती वाळवताना. एका कार्यशाळेत एका गटाने अगदी नितळ, एकही बुडबुडा नसलेली शीट ओतली होती. दुसऱ्या दिवशी दाखवायची, म्हणून रात्री तिच्यावर हेअर ड्रायर धरला. सकाळी कडा वर वळलेल्या, मधोमध आरपार चीर आणि उचलून पाहिलं तर तळ अजून ओलाच. वरचा थर आधी सुकून आकसला, खालचा आकसायला तयार नव्हता, मग ती फाटणारच! सुदैवाने अगर पुन्हा वितळतं. तुकडे करून, पाणी घालून, उकळून आम्ही तीच शीट परत ओतली. ती वाळायला जितके दिवस लागायचे तितके लागलेच.

माझी पद्धत अशी: अर्धा सेंटीमीटर जाड थर ओतायचा, तो सुकून पाव मिलिमीटरच्या आसपास येतो. पहिला दिवस ट्रेमध्येच, लांबून पंख्याची हवा. मग जाळीवर काढून कडांना चिमटे लावायचे आणि रोज उलटायची. उन्हात ठेवायची नाही.

दुसरी चूक ग्लिसरीनची. पहिली शीट कडक झाली की लोक लगेच दुप्पट ओततात. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे दमट दिवसांत अशी शीट बोटांना चिकटते आणि कधीच सुकल्यासारखी वाटत नाही. कडकपणा बऱ्याचदा फाजील वाळवण्यामुळे आलेला असतो. चमच्याने अंदाज घेऊ नका, वजन करा. अगरच्या निम्म्या वजनाने सुरुवात करा आणि एका वेळी थोडंच बदला.

अगर कोमट पाण्यात विरघळत नाही. खळखळ उकळी येऊ द्या आणि चमच्यावर एकही कण दिसेनासा होईपर्यंत ढवळत राहा. चाळीस अंशांच्या खाली ते गोठू लागतं, तेव्हा ट्रे आधीच सपाट जागी मांडून ठेवा.

अल्जिनेट ही शेवाळातूनच काढलेली दुसरी पूड, ती कॅल्शियम मिळालं की घट्ट होते. तिला उलट उकळायची गरजच नाही. पूड आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी घाला, गुठळ्या होत नाहीत. रात्रभर झाकून ठेवलं की बुडबुडेही निघून जातात. पाणी डिस्टिल्ड घ्या, क्षार जास्त असलेल्या जड पाण्यातलं कॅल्शियम आधीच गाठी धरायला लावतं. थर घट्ट करणारं कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भांड्यात ओतू नका, ओतलेल्या थरावर फवारा. कॅल्शियमने एकदा घट्ट झालेलं अल्जिनेट तापवून वितळत नाही.

स्टार्चपासून प्लास्टिक करायच्या कृतीतलं व्हिनेगर इथे नको, आम्लात उकळलं की अगरची ताकद जाते. किनाऱ्यावरचं शेवाळ मिक्सरमधून काढलं की प्लास्टिक होत नाही, फक्त लगदा होतो.

रंगासाठी फळांचा रस घालणाऱ्यांच्याच शीटवर मला बुरशी जास्त दिसते. त्यातली साखर बुरशीला पुरते. कोरडा रंग चिमूटभर घ्या आणि सुकलेली शीट दोन कागदांमध्ये, वजनाखाली, कोरड्या जागी ठेवा.