जुन्या राऊटरचा ॲक्सेस पॉइंट कसा करायचा

आतल्या खोलीत वायफायची एकच दांडी येते, व्हिडिओ कॉल लावला की समोरच्याचा आवाज तुटतो, आणि कपाटात जुना राऊटर तसाच पडलेला असतो. त्याच राऊटरचा ॲक्सेस पॉइंट केला, म्हणजे मेन राऊटरकडून केबलने नेट घेऊन त्या खोलीत वायफाय देणारा डबा केला, की रेंजचा प्रश्न सुटतो, वर फक्त एक लॅन केबल लागते. रिपीटरनेही (वायफायचाच सिग्नल पकडून पुढे देणारा डबा) रेंज वाढते पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर सिग्नल घेतो आणि त्याच्यावरच पुढे देतो, म्हणून स्पीड जवळपास निम्मा होतो, तेव्हा केबल ओढता येत असेल तर केबलच ओढा. कॅट ५ई प्रकारची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते.

सुरुवात करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. घरात आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरच्या प्रत्येक फोन-लॅपटॉपचा नंबर) वाटणारा राऊटर एकच असला पाहिजे. हे वाटपाचं काम डीएचसीपी करतो आणि तो दोन्हीकडे चालू राहिला की काही फोनना मेन राऊटर ॲड्रेस देतो, काहींना जुना देतो, आणि जुना राऊटर 'नेट माझ्याकडून घे' असं सांगतो पण त्याच्याकडे नेट नसतंच. माझ्याकडून पहिल्यांदा हेच बंद करायचं राहिलं होतं, संध्याकाळपर्यंत सगळं नीट चाललं आणि मग एकेक फोन वायफायला जोडलेला दिसतोय पण नेट नाही, मी दोन तास केबली बदलत बसलो, केबलचा काही दोष नव्हता.

आता काम. मेन राऊटरच्या सेटिंगमध्ये (ब्राउझरमध्ये राऊटरचा ॲड्रेस टाकला की उघडतं ते पान) जाऊन दोन गोष्टी लिहून ठेवा, त्याचा आयपी (समजा १९२.१६८.१.१) आणि डीएचसीपीची रेंज (समजा शेवटचा आकडा १०० ते १९९). मग जुना राऊटर रिसेट करा, मागच्या बारीक भोकात पिन घालून साधारण १० सेकंद दाबून धरायची, सगळे लाइट एकदम बदलले की सोडायची. जुना राऊटर अजून मेनला जोडायचा नाही. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि केबलने लॅपटॉप फक्त जुन्या राऊटरला जोडा. वायफाय बंद करायचं कारण असं की दोघांचा ॲड्रेस बरेचदा एकच असतो आणि जुन्याचं पान समजून तुम्ही मेनच्याच सेटिंग बदलत बसाल.

जुन्याच्या सेटिंगमध्ये आधी ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मिळत असेल तर तोही करून घ्या. काही मॉडेलमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असं बटणच असतं, ते असेल तर तेच वापरा, पुढचं बरंचसं ते स्वतः करतं, केबल कुठल्या पोर्टला लावायची तेही तिथेच दिलेलं असतं. नसेल तर वायफायचं नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटी मेनसारखीच ठेवा म्हणजे फोन एका खोलीतून दुसरीकडे गेला तरी पासवर्ड विचारणार नाही. चॅनेल मात्र वेगळा हवा, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत घुसत नाहीत, मेन १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर टाका.

मग लॅन सेटिंगमध्ये आयपी १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मेनच्याच ओळीतला (पहिले तीन आकडे तेच) पण डीएचसीपीच्या रेंजबाहेरचा. सेव्ह केल्यावर पान अडकतं, घाबरू नका, राऊटरचा ॲड्रेस बदललाय म्हणून तसं होतं, नवा ॲड्रेस टाकून परत लॉगिन करा (पान नाहीच उघडलं तर केबल एकदा काढून घाला). आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करून सेव्ह. हे आधी केलं तर लॅपटॉपलाच ॲड्रेस मिळत नाही आणि तुम्ही बाहेर राहता.

आता केबल मेनच्या लॅन पोर्टमधून जुन्याच्या लॅन पोर्टमध्ये, टक्कन आवाज येईपर्यंत. जुन्याचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून नेटची लाइन घेणारा, तो बाकीच्यांपासून जरा वेगळा आणि बहुतेक निळा असतो, तो रिकामाच ठेवायचा. तिथे केबल लावली तर जुना राऊटर मधे भिंत घालतो आणि एका खोलीतल्या फोनला दुसऱ्या खोलीतला प्रिंटर दिसत नाही.

लॅपटॉपचं वायफाय चालू करून जुन्या राऊटरजवळ बसा आणि नेटवर्कच्या माहितीत गेटवे (नेट ज्याच्याकडून येतं त्याचा ॲड्रेस) बघा, तिथे मेनचा १९२.१६८.१.१ दिसला म्हणजे जमलं. स्पीड ९०-९५ एमबीपीएसवरच अडकत असेल तर बहुतेक जुन्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत, त्याला इलाज नाही. फोन लांबच्याच राऊटरला चिकटून बसत असेल तर दोन्हीकडची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलचा जोर) एक पायरी कमी करून बघा.